भूजलाचा धनी कोण?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा टंचाईचा दोष अनेकदा पावसाला दिला गेला. परंतु मांजरा नदीच्या खोऱ्यातील कमी पावसाच्या जमिनीवर उसासारखे बारमाही तहानेचे पीक विस्तारत गेले, हा माणसाच्या निवडीचा भागही त्यामागे होता. या निवडीमागे मालकीची एक विशिष्ट कल्पना उभी आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने निश्चित प्रवाहाबाहेरचे भूमिगत पाणी जमीनमालकाच्या अधिकारात ठेवले. पण लातूरच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, पाणी भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून बांध न जुमानता सरकते, त्यामुळे एकाच्या बोअरचा उपसा शेजाऱ्याची विहीर आटवू शकतो.

मालकीच्या या कल्पनेला छेद देणारा विचार याच परिसरात घडला. बाराव्या शतकात लातूरच्या शेजारी असलेल्या कल्याणमध्ये, आजच्या बसवकल्याणात, महात्मा बसवेश्वरांनी 'कायक' आणि 'दासोह' यांची सांगड घातली. कायक म्हणजे उपासना मानून केलेले श्रम, आणि दासोह म्हणजे श्रमफळातील गरजेपलीकडचा वाटा समाजाला विनम्रपणे अर्पण करणे. हा वाटा दान नव्हे, कारण देणारा स्वतःला मूळ धनी समजतच नाही. हा विचार लातूरच्या लिंगायत परंपरेत आजही जिवंत आहे, आणि तो भूजलाला लावणे अत्यंत निकडीचे आहे. टंचाईवर उपाय म्हणून मांजरेचे पात्र खोल केल्याने पाण्याचा साठा वाढतो, हे खरे. मात्र त्या साठ्यावर पहिला हक्क पिण्याचा, जनावरांचा की उसाचा, हे पात्राची खोली ठरवू शकत नाही, ते गावाने एकत्र बसूनच ठरवावे लागते.