कीटभृंगन्याय आणि उलटे भिंग : निकट पाहण्याच्या नीतीविषयी

मराठी संतवाङ्मयाच्या वाचकाला कीटभृंगन्याय नवा नाही. भृंगी अळीला धरून आणते, मातीच्या घरात कोंडते. कोंडलेली अळी भृंगीचे अखंड चिंतन करते आणि अखेरीस स्वतःच भृंगी होऊन बाहेर पडते. ध्यानाने ध्येयरूप होता येते, हा सिद्धान्त या दृष्टान्ताने पिढ्यानपिढ्या समजावून दिला. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने सांगितलेल्या चोवीस गुरूंमध्ये हा कीटक अखेरचा आहे आणि १५७३ मध्ये पूर्ण झालेल्या एकनाथी भागवतातून तो मराठी श्रोत्यांच्या घरात पोहोचला. त्या घरातच तो पूर्वीपासून होता, असेही म्हणता येईल. खांदा कॉलनीसारख्या, सिडकोने आखलेल्या पनवेलच्या वसाहतीतही खिडकीच्या चौकटीत किंवा ग्रिलच्या कोपऱ्यात कुंभारीण माशीची मातीची घरटी आढळतात.

या घरट्यात प्रत्यक्षात काय घडते, हे आता सर्वज्ञात आहे. माशी अळीला दंश करून तिची हालचाल थांबवते, पण सहसा तिला मारत नाही. मेलेले भक्ष्य सडते, लुळे केलेले ताजे राहते. त्याच कोठडीत ती अंडे घालते. अंड्यातून निघालेली तिची संतती त्या अळीवर वाढते आणि यथाकाल माशी होऊन बाहेर येते. आत गेलेली अळी व बाहेर आलेली माशी यांचा संबंध रूपांतराचा नसून भक्षणाचा आहे. झाँ-हेन्री फाब्रने एकोणिसाव्या शतकात अशा शिकारी माश्यांचे वर्तन चिकाटीने नोंदवले. डार्विननेही १८६० मध्ये एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात अळ्यांच्या जिवंत देहावर वाढणाऱ्या परजीवी माश्यांचा दाखला दिला होता. दयाळू ईश्वराने त्या हेतुपुरस्सर निर्माण केल्या असे मानणे त्याला अवघड वाटत होते.

येथे दोन प्रश्न उपस्थित होतात. जवळून पाहिल्यावर दृष्टान्त टिकतो काय, हा पहिला. दुसरा अधिक अवघड आहे : जवळून पाहण्याची किंमत कोण देतो? हा प्रश्न केवळ कल्पनेतला राहू नये, म्हणून एका प्रत्यक्ष दृश्यव्यवहाराचा विचार करू. तो म्हणजे जुगाड केलेल्या भिंगांनी होणारे कीटकांचे अतिनिकट छायाचित्रण.

या तंत्राचे मर्म साधे आहे. दोनशे मिलिमीटरच्या लेन्सपुढे पन्नास मिलिमीटरची जुनी लेन्स उलटी बसवली, तर विशालन सुमारे चौपट होते. मागच्या लेन्सच्या नाभीय अंतराला पुढच्याच्या अंतराने भागले की हा आकडा मिळतो. फिल्मच्या काळातल्या लेन्स जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. जोडायला धातूची कडी नसेल तर प्लास्टिकच्या नळीचा तुकडा चालतो. प्रकाश मऊ करायला थर्माकोल किंवा ट्रेसिंग पेपर पुरतो. आणखी पुढे जायचे असेल तर उलट्या लेन्सच्या जागी सूक्ष्मदर्शकाचे वस्तुभिंग लावतात. महागड्या उपकरणांविना, मध्यमवर्गीय घराच्या गॅलरीत, माशीच्या संयुक्त डोळ्यातील एकेक नेत्रिका दिसू लागते. ज्ञानाचे हे लोकशाहीकरण स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत होऊ नये.

परंतु विशालन वाढते तसतशी स्पष्टतेची खोली घटते. चौपट विशालनाला मिलिमीटरच्या काही शतांशांइतकाच थर स्पष्ट येतो. डोळा स्पष्ट असेल तर शृंगिका धूसर राहते. भिंगाचे तोंड किलकिले करून ही खोली वाढवावी, तर विवर्तनामुळे सगळेच चित्र मऊ पडते. यावर उपाय म्हणून कॅमेरा कणाकणाने पुढे सरकवत शेकडो चित्रे घेतात आणि त्यांतले स्पष्ट थर संगणकावर एकत्र रचतात. २०१६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात लेव्हन बिस या छायाचित्रकाराचे कीटकचित्रांचे प्रदर्शन भरले. त्यातील एकेक चित्र सुमारे आठ हजार छायाचित्रांतून रचले होते. विषय होते संग्रहालयातील टाचलेले नमुने. जिवंत कीटक आठ हजार वेळा स्थिर राहणे शक्यच नाही.

नैतिक पेच नेमका येथे निर्माण होतो. रचनेसाठी निश्चलता हवी, आणि निश्चलता हा जिवंत कीटकाचा धर्म नव्हे. त्यामुळे कोणी कीटकाला मारतो, कोणी फ्रिजमध्ये ठेवून बधिर करतो. ही अडचण जुनी आहे. १६६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मायक्रोग्राफिया'त रॉबर्ट हूक सांगतो की मुंगी स्वस्थ राहीना, म्हणून त्याने तिला ब्रँडीत बुडवले. सुमारे तासाभराने ती शुद्धीवर येऊन पळाली. बधिर करून ताजे ठेवणे ही कुंभारीण माशीचीच युक्ती. भृंगीचे रहस्य जाणून घ्यायला निघालेला द्रष्टा नकळत तिचीच कृती करतो. फरक एवढाच की माशीला पर्याय नाही, द्रष्ट्याला आहे.

यावर आक्षेप घेता येईल. शेतात एका फवारणीने असंख्य कीटक मरतात. तेथे एका चित्रासाठी मेलेल्या एका माशीचा शोक हा भाबडेपणा नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. कीटकाला वेदना होते की नाही हा वादही मिटलेला नाही. तथापि, एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्क येथे जाहीर झालेल्या प्राणिजाणिवेविषयीच्या घोषणापत्रात अनेक शास्त्रज्ञांनी व तत्त्वचिंतकांनी कीटकांनाही जाणीव असण्याची वास्तव शक्यता मान्य केली. पण माझा मुद्दा संख्येचा नाही, दाव्याचा आहे. फवारणी करणारा कीटकाविषयी आस्था बाळगण्याचा दावा करीत नाही. छायाचित्रकार करतो, 'पाहा, हे क्षुद्र जीवन किती अद्भुत आहे' असे त्याचे चित्र आपल्याला सांगते. ज्या जीवनाचे गुणगान चित्र करते तेच त्या चित्रासाठी संपवले असेल आणि ही गोष्ट प्रेक्षकापासून लपवली असेल, तर चित्राच्या आशयाला आतूनच तडा जातो. संग्रहालयातल्या नमुन्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या टाचणीला स्थळ आणि तारीख सांगणारी चिठ्ठी असते. तो मेलेला आहे हे तो लपवत नाही आणि वर्गीकरणशास्त्राला त्याची पुन्हापुन्हा गरज पडते.

साहित्यसमीक्षेच्या नियतकालिकात ही चर्चा अस्थानी वाटू नये. आपणही निकट पाहण्याचाच व्यवसाय करतो. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवीचे नाव व काळ वगळून कविता वाचायला दिल्या आणि त्या प्रयोगावर १९२९ मध्ये ग्रंथ लिहिला. काळ्या पार्श्वभूमीवर एकटा उजळलेला कीटक आणि नाव-काळावेगळी केलेली कविता यांच्यामागे एकच विश्वास आहे : परिसर दूर केला की वस्तू स्वतःचे स्वरूप उघड करते. या विश्वासाने आपल्याला पुष्कळ दिले. कलाकृतीच्या स्वायत्ततेचा मर्ढेकरांनी धरलेला आग्रह मराठी समीक्षेला शिस्त लावणारा ठरला. पण संहिता स्थिर करताना आपण तिच्यातले काय थांबवतो, हा प्रश्न शिल्लक राहतो. ओवी कीर्तनात उच्चारली जाते, जात्यावर गायली जाते. छापील पानावर तिचे विश्लेषण करणारा तिला आधी निश्चल करतो. ते अपरिहार्य असेल. त्याची नोंद न करणे मात्र अपरिहार्य नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. कीटभृंगन्याय खोटा ठरला काय? निसर्गविधान म्हणून तो खोटाच आहे आणि तसे स्पष्ट म्हणण्यात संकोच नसावा. दृष्टान्त म्हणून तो कोसळत नाही, कारण दृष्टान्ताचे काम पुराव्याचे नसते. मात्र निकट पाहण्याने त्याच्यातला एक दबलेला घटक वर येतो. भागवत सांगते की मन स्नेहाने, द्वेषाने किंवा भयाने जेथे एकाग्र होते त्याचेच रूप घेते. म्हणजे कोंडलेल्या अळीचे भय परंपरेला ठाऊक होते. नंतरच्या गोड निरूपणांत ते पुसट झाले. भिंगाने दृष्टान्त नष्ट केला नाही, त्यातल्या अळीची बाजू पुन्हा विचारात आणली. तद्रूप होण्यात कोणाचे तरी पूर्वरूप खर्ची पडते, हे भान ज्या भक्तिविचाराला पेलते तो अधिक प्रौढ मानावा लागेल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एवढे नेटके नाही. निकट पाहणे सोडून द्यावे, असे म्हणता येत नाही. दुरून पाहणाऱ्यांनीच अळीची माशी केली होती. पण अल्पावर समाधान मानणारे निकट पाहणेही असते. पहाटेच्या गारव्यात कीटक आपोआप मंदावलेले असतात. तेव्हा पाच-दहा चित्रे घेऊन, ऊन चढले की त्यांना जाऊ देणारे छायाचित्रकारही आहेत. त्यांच्या चित्रांत एखादा पाय धूसर राहतो. ही धूसरता दोष नाही. एका जागी उभ्या असलेल्या माणसाला एका क्षणी किती दिसू शकते, याची ती प्रामाणिक नोंद आहे. संपूर्ण स्पष्ट रचलेले चित्रही असत्य नव्हे, परंतु ते कोणत्याही डोळ्याने कधी पाहिलेले नसते. म्हणून चित्राखाली चित्रसंख्या असावी आणि कीटक जिवंत होता, बधिर केला होता की मृत, हेही लिहिलेले असावे. समीक्षेनेही आपल्या वाचनाखाली असेच लिहावे : कोणता परिसर वगळला, काय स्थिर केले, किती थर एकत्र रचून हा अर्थ सिद्ध केला. एवढ्याने निकट पाहणे निर्दोष होईल असे नाही, पण त्याची किंमत कोणी दिली हे वाचकाला कळेल.