युक्त म्हणजे नेमकं किती?



आजचं वाचन गीतेच्या सहाव्या अध्यायातलं, श्लोक १६ आणि १७. अर्थ सरळ आहे. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, काहीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचं खाणं, हिंडणं-फिरणं, काम, झोप आणि जागणं युक्त असतं, त्याचा योग दुःख दूर करतो. समोर अठरा अक्षौहिणी सैन्य उभं आहे आणि भगवंत अर्जुनाशी जेवणाखाण्याबद्दल बोलतायत! मला हे फार आवडतं.

पण सगळं मोजायची सवय लागलेल्या आपल्या पिढीची इथे पंचाईत होते, कारण भगवंत आकडा देत नाहीत. किती पोळ्या, किती तास झोप, काही नाही. फक्त एक शब्द देतात, युक्त.

मग आपण आकडा बाहेरून आणतो. दहा हजार पावलांचंच बघा. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विक्रीला आलं. त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलं मोजणारं’ असा होता. हा गोल आकडा तिथूनच जगभर गेला. चालणं वाईट थोडंच आहे? पण रात्री साडेअकराला हॉलमध्ये गोल गोल फिरत, हातात रील चालू ठेवून उरलेली आठशे पावलं भरून काढणारे माझ्या ओळखीत आहेत. कदाचित तुमच्याही असतील. झोपेची वेळ मोडून पावलं पूर्ण झाली. पाय चालले, पण चालणारा तिथे होता का? जपाचंही असंच होतं बरं का. एकशे आठ मणी सरतात आणि मन अर्धा वेळ ऑफिसच्या मेलमध्ये असतं.

योग आणि युक्त हे दोन्ही शब्द ‘युज्’ या धातूपासून आले. जोडणं, जुंपणं. म्हणून युक्त म्हणजे नुसतं ‘मध्यम’ नव्हे. जे करतोय त्याला मन जोडलेलं असणं हेही त्यात आहे. जास्त खाणं बेसावधपणे होतं, टीव्हीसमोर पुडा कधी संपला कळतसुद्धा नाही. हट्टानं उपाशी राहणंही डोळे मिटून जमतं. बेतात खायला मात्र जागं राहावं लागतं, कारण आता पुरे झालं हे प्रत्येक घासाला आपलं आपल्यालाच कळायला हवं. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यात याच सहाव्या अध्यायावर बोलताना त्यांनी चित्ताच्या एकाग्रतेच्या जोडीला जीवनाची परिमितता ठेवली आहे. ही जोडी उगाच नाही. हाच माणूस पुढे १९५१ पासून भूदानासाठी वर्षानुवर्षं पायी फिरला.

आता थोडं गावाकडचं. आमचं जऊळका वाशीम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात. (नाशिककडचं मालेगाव नव्हे, हे पुण्यात दर वेळी सांगावं लागतं.) शेगावच्या श्रींची पालखी आषाढीला पायी पंढरपूरला जाते, ती आमच्या तालुक्यातून. मेडशी, डव्हा, शिरपूर, मग पुढे रिसोड. जऊळका त्या वाटेवर नाही. बाबा दरवर्षी डव्ह्याला जायचे आणि तिथून शिरपूरपर्यंत पालखीबरोबर चालायचे. एक दिवस. मग आठवडाभर पायांना तेल चोळणं आणि उरलेलं वर्षभर मोटरसायकल. शेत दोन किलोमीटरवर, तिथेही गाडीच. साखर वाढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चाला. बाबांचं उत्तर तयार होतं, “वारी करतो ना मी.”

एका वर्षी त्यांनी शेजारून चालणाऱ्या म्हाताऱ्या वारकऱ्याला विचारलं, पंढरपूर एवढं लांब, जमते कसं? तो म्हणाला, “पंढरपूरचं आज कायले पाहू बा? आज शिरपूर.”

दिंडीत नीट बघितलं तर ते श्लोक तिथे पायी चालताना दिसतात. वेग टाळ-मृदंग ठरवतो. कुणी जोशात आला म्हणून पालखीच्या पुढे पळत नाही. जेवण ठरल्या जागी, मुक्काम ठरल्या गावी, संध्याकाळी हरिपाठ, रात्री झोप, पहाटे उठणं. ही माणसं काही खेळाडू नसतात. तरी महिनाभर चालतात, कारण आजचं चालणं उद्याचं चालणं खाऊन टाकत नाही.

बाबा आता सकाळी ‘गजानन विजय’चा एक अध्याय वाचतात आणि पोथी ठेवली की स्टेशनपर्यंत जाऊन येतात. फोन घरी. सुरुवातीला लोक हसले. दिवसभर सोयाबीनच्या वावरात राबणाऱ्यांना बिनकामाचं चालणं म्हणजे रिकामटेकडेपणाच. “कुठी चालले बापू?” “चालाले चाल्लो.” हा विनोद गावात बरेच दिवस पुरला. गोळ्या सुटलेल्या नाहीत, पण साखर आटोक्यात आहे.

‘युक्त’ची आपण सोयीनं पळवाट करतो का? करतो की. आज मन नाही, आज माझं युक्त म्हणजे सोफा! बाबांचा यावरचा नियम मला पटतो. गुडघा दुखला तर अर्ध्यातून परत फिरायचं, पण उंबरा ओलांडायचाच. माप रोज बदललं तरी चालेल, खाडा नको. पतंजलींनी अभ्यास पक्का होण्यासाठी दीर्घकाळ, अखंड आणि आदरानं असं सांगितलंय. पहिले दोन जिमवाल्यांना माहीत असतात. आदर राहून जातो.

दुसरी पळवाट खास आपली, भक्तांची. देह नश्वर आहे, त्याचे लाड कशाला? आणि हे म्हणत साबुदाण्याची दुसरी थाळी. एकादशी अन् दुप्पट खाशी! गंमत सोडा, पण गुडघा बिघडला की दिवसभर गुडघाच आठवतो, नाम नाही. दुर्लक्ष केल्यानं देहबुद्धी सुटत नाही, उलट चिकटते. अर्थात आरशासमोर तासभर दंड बघत बसणाऱ्याचीही चिकटतेच. आणि जो आधीच आजारी आहे त्याला योग नाही असं मुळीच नाही. त्याचं युक्त वेगळं, कदाचित पलंगावर सावकाश श्वास घेण्याएवढंच.

माउली तर या श्लोकावर झोपेलाही वेळच्या वेळी मान द्यायला सांगतात. मान! आपण तिला दिवसाच्या शेवटी उरलंसुरलं देतो. चालताना मन भटकणारच. याच अध्यायात पुढे, श्लोक २६ मध्ये, ते जिथे जिथे जाईल तिथून परत आणायला सांगितलंय. रागावून नव्हे. पुढचं पाऊल टेकतंच आहे, तिथे आणायचं.

मघाशी बाबांचा फोन आला होता. पावसामुळे आज स्टेशन नाही, मारुतीच्या देवळापर्यंतच जाऊन आले म्हणे. उद्या श्लोक १८. युक्त कोणाला म्हणायचं, ते भगवंत तिथे स्वतःच सांगतात.