बोअरच्या हिशेबात नसलेला शेजारी

उन्हाळा तोंडावर आला की मराठवाड्यात आणि नगर-सोलापूरच्या पट्ट्यात बोअरच्या गाड्या फिरू लागतात. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांवर तमिळनाडूची पाटी असते. पाणाड्या तळहातावर नारळ धरून जागा दाखवतो, फुटाचा भाव ठरतो, केसिंग किती लागेल याचा अंदाज बांधला जातो. आधी मुरूम वर येतो, मग काळ्या खडकाचं राखाडी पीठ उडत राहतं. तीनशे फुटांपर्यंत पाणी लागलं नाही, तर "आता एवढं केलंय, आणखी शंभर जाऊ द्या." लागलं तर दोन इंच पाणी, नाही लागलं तर डोक्यावर कर्ज.

बाजाराच्या नेहमीच्या कसोट्यांवर हा व्यवहार चोख आहे. घेणारा राजी, देणारा राजी, भाव उघड, कुणाची जबरदस्ती नाही. पण ज्याचं नुकसान होऊ शकतं तो बांधापलीकडचा शेतकरी या सौद्यात कुठेच नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टवर वसलेला आहे. या खडकात पाणी साठतं ते झिजलेल्या थरात आणि भेगांत, तेही बेताचंच. भेगेला सातबारा माहीत नसतो. इकडे खोल बोअर चालू झालं की तिकडची साठ फुटांची विहीर आटते. मग तोही कर्ज काढून चारशे फूट जातो. दोघांचा खर्च वाढतो, पाणी मात्र तेवढंच राहतं.

ए. सी. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1920 मध्ये अशा प्रसंगाची उकल मांडली होती. करणाऱ्याचा खर्च आणि समाजाला पडणारा खर्च यांत तफावत पडली की भाव खोटं बोलू लागतो. तेवढी तफावत कराने भरून काढावी. त्यावर 1960 मध्ये रोनाल्ड कोस यांनी दुसरी बाजू मांडली. हक्क स्पष्ट असतील आणि बोलणी करायला फारसा खर्च येत नसेल, तर दोन्ही पक्ष आपसात तोड काढतील. भूजलात दोन्ही वाटा अडतात. कर लावायचा तर किती पाणी उपसलं ते मोजायला हवं, आणि विहिरीवर मीटर नाही. बोलणी करायची तर नुकसान कुणामुळे झालं ते दिसायला हवं. इथे गुन्हा जमिनीखाली घडतो आणि संशयित साऱ्या शिवारात पसरलेले असतात.

याला नुसतं बाजाराचं अपयश म्हणून मोकळं होता येत नाही, कारण बाजार ज्या पायावर उभा आहे तो पाया सरकारनेच घातला. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने आपल्या जमिनीखालचं, ठरावीक प्रवाहात न वाहणारं पाणी काढून घेण्याचा अधिकार जमीनमालकाला मान्य केला. ज्याची जमीन त्याचं पाणी. भूमिहीनाला त्यात वाटा नाही. पुढे शेतीपंपाची वीजआकारणी बऱ्याच ठिकाणी अश्वशक्तीवर ठेवली गेली. म्हणजे पंप तासभर चालला काय आणि रात्रभर चालला काय, बिल तेच. वीज रात्री-अपरात्री येते म्हणून शेतकरी स्टार्टरला 'ऑटो' बसवतो. वीज आली की पंप आपोआप सुरू होतो, पीक भिजून झालं तरी सुरूच राहतो. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली. अडचणीतल्या शेतकऱ्याला मदत हवीच, पण ही मदत उपशावर बेतलेली आहे: जो जास्त उपसतो त्याला जास्त मिळते, ज्याला विहीरच नाही त्याला शून्य.

दुसऱ्या हाताने सरकार बंदी घालतं. 1993 च्या कायद्याने सार्वजनिक पेयजलाच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आणले. 2009 चा भूजल कायदा 2014 मध्ये लागू झाला आणि त्याने साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना लगाम घालायचं ठरवलं. साठ मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट. गाडीवाला तिथे चहा प्यायलाही थांबत नाही. तलाठी किंवा ग्रामसेवक रात्री शिवारात जाऊन बोअर अडवेल, अशी अपेक्षा कायदा करणाऱ्यांनीही मनापासून केली नसावी. एका खात्याने उपसा स्वस्त करायचा आणि दुसऱ्याने तो गुन्हा ठरवायचा, यात पहिलंच खातं जिंकणार. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. उपशाचं अनुदान आणि टंचाईचा टँकर, दोन्हींचे पैसे एकाच तिजोरीतून जातात.

जिथे काही साधलं, तिथे हिशेब वेगळा होता. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसांच्या मापाने द्यायचं: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला पाणी नाही. 1882 च्या कायद्याने जे नाकारलं, ते इथे गावकऱ्यांनी आपसात मान्य केलं. हिवरे बाजार या गावाने सरपंच पोपटराव पवारांच्या काळात पाण्याचा ताळेबंद सुरू केला. पाऊस किती झाला, विहिरींची पातळी किती, यावरून ग्रामसभा ठरवते की यंदा कोणती पिकं घ्यायची. आधी पिण्याचं, मग जनावरांचं, उरलं तर शेतीचं. सिंचनासाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. ऑटो स्टार्टर ज्याला पाहू शकत नाही, त्या शेजाऱ्याला इथे सभेत समोर बसवलेलं असतं.

अशी गावं बोटांवर मोजण्याइतकीच का, हा प्रश्न टाळून चालणार नाही. खमकं नेतृत्व हे एक कारण झालं. पण खडकातली भेग गावाच्या शिवेवरही थांबत नाही. शेजारच्या गावाने बोअर मारायचं ठरवलं, तर इथल्या ग्रामसभेचा ठराव त्याला लागू होत नाही. सामायिक साधनांच्या अभ्यासासाठी 2009 मध्ये नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी हेच दाखवलं होतं. वापरणाऱ्यांनी केलेले नियम टिकतात, पण त्या नियमांना वरच्या सत्तेची मान्यता लागते.

तेव्हा सरकारचं काम उपसा करणाऱ्याला पकडण्यापेक्षा थोडं वेगळं आहे. पाणलोटातल्या गावांनी मिळून केलेल्या ताळेबंदाला कायद्याचं बळ द्यायचं आणि मोजमापाची यंत्रणा पुरवायची. 2019 ची अटल भूजल योजना या दिशेने थोडी गेली. आणि मदत बंद न करता तिचा रोख वळवायचा. पंजाबने 2018 मध्ये शेतकऱ्याने वाचवलेल्या विजेचे पैसे त्यालाच देण्याचा प्रयोग सुरू केला. म्हणजे पंप बंद ठेवण्यालाही काही किंमत आली. मोफत वीज देणारं सरकार तेवढाच पैसा असाही देऊ शकतं. त्यासाठी आधी मीटर बसवावा लागेल, आणि मीटर म्हटलं की निवडणूक आठवते. बाजार शेजाऱ्याला विसरला, हा त्याचा स्वभाव. सरकारला मात्र तो शेजारी मतदार म्हणून आठवतो आणि पाण्याचा वाटेकरी म्हणून आठवत नाही.