थांब म्हणण्याचा अधिकार

दिवाळीच्या सुमारास आमच्या मावळात भात कापणीला येते. लोणावळ्याहून सकाळच्या लोकलने पुण्याकडे निघालात, तर मळवली सुटल्यापासून कामशेतच्या पुढेपर्यंत दोन्ही अंगांना पिवळी खाचरे दिसतात, आणि गाडी कान्ह्याच्या अलीकडे थोडी रेंगाळली तर इंद्रायणीचा वास थेट डब्यात येतो. नदीचा नव्हे, तांदळाचा. वडगावच्या भात संशोधन केंद्राने दिलेली ही जात आता इतकी घरोघरची झाली आहे, की पाहुण्याला आधी तांदूळ आठवतो आणि मग नदी. त्याच डब्यात मांडीवर जाडजूड पुस्तक घेतलेली पाच-सहा मुलेमुली असतात. शिवाजीनगरला उतरून ती सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत जातात आणि रात्रीच्या गाडीने परततात. ज्यांना परवडते ती तिकडेच खोली घेऊन राहतात. वर्षानुवर्षे मी ही मुले पाहत आलो आहे. त्यांतली काही माझ्याच हाताखालून गेलेली.

गेल्या भाद्रपदात अशाच एका मुलाचे वडील माझ्याकडे आले. गाव नाणे मावळातले, दोन-अडीच एकर भातशेती. मुलगा नागरी सेवा परीक्षेला पाच वेळा बसला. तीनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेला, एकदा दिल्लीला मुलाखत देऊन आला आणि थोडक्या गुणांनी राहिला. आता एक संधी उरली आहे आणि वयही काठावर आले आहे. चहा निवत ठेवून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गुरुजी, तुमीच सांगा त्याला, की आता पुरे. आमचं तो ऐकत न्हाई. तुमचा शब्द मोडायचा न्हाई."

"मीच का?" मी विचारले.

"दहावीला असताना तुमीच म्हणला व्हता न्हवं, का ह्यो कलेक्टर व्हनार म्हनून?"

मला ते आठवत नव्हते. खरे सांगायचे तर अजूनही आठवत नाही. शिक्षक असे पुष्कळांना म्हणतो. निबंध बरा लिहिला की म्हणतो, भाषणाला टाळ्या पडल्या की म्हणतो, आणि दुसऱ्या तासाला विसरतो. पण त्या घरात माझे ते वाक्य पंधरा वर्षे देवासारखे कोनाड्यात ठेवले गेले होते, आणि त्याच्यापुढे एकेक वस्तू वाहिली जात होती. आधी एक गाय, मग रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा.

मी "बघतो" म्हणालो आणि त्यांना वाटेला लावले. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. दुसऱ्याला "थांब" म्हणण्याचा अधिकार कोणाला असतो? आणि चिकाटी कोठे संपते, हट्ट कोठे सुरू होतो?

आमच्या शिक्षकी पेशात या प्रश्नाचे उत्तर फळ्यावर लिहून ठेवलेले असते. वाळू रगडून तेल काढण्याचा तो श्लोक मी स्वतः कितीदा लिहिला असेन! सुंदर अक्षरात, तारखेच्या शेजारी, सुविचार म्हणून. मुले तो वहीत उतरवून घेत आणि सहामाहीच्या निबंधात मला परत करीत. निवृत्त झाल्यावर एकदा सवड होती म्हणून भर्तृहरीचे नीतिशतक आणि वामनपंडितांचा मराठी अनुवाद शेजारी ठेवून वाचायला बसलो, तेव्हा चांगलाच ओशाळलो. तो श्लोक प्रयत्नाच्या स्तुतीचा नाहीच. वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, रानात सशाचे शिंगही सापडेल, अशा अशक्य गोष्टींची ती यादी आहे; आणि हे सगळे एक वेळ होईल पण मूर्खाचे मन वळवता येणार नाही, असे कवीला म्हणायचे आहे. आम्ही पहिली ओळ कापून घेतली आणि अशक्याचे उदाहरण उत्तेजन म्हणून मुलांच्या हाती दिले. कवीने मूर्ख कोणाला म्हटले असते, हे मी अधिक खोलात जाऊन पाहिले नाही.

ही परीक्षा आमच्या घाटाला तशी परकी नाही. भोर घाटातून आगगाडी सुरू झाली ती १८६३ साली, आणि त्याच वर्षी सत्येंद्रनाथ टागोर लंडनला आय.सी.एस. उत्तीर्ण झालेले पहिले भारतीय ठरले. पुढे त्यांची नोकरीही आपल्या मुंबई इलाख्यातच झाली. त्या काळची तक्रार आजच्या अगदी उलट होती. परीक्षा फक्त लंडनला, आणि लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत वयाची मर्यादा एकवीसवरून एकोणीसवर आणलेली! इथल्या मुलाने बोटीत पाय ठेवण्याआधीच दार लागावे, असा तो बेत होता. त्याविरुद्ध सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी देशभर सभा घेतल्या, दादाभाई झगडले, गोखले पब्लिक सर्व्हिस कमिशनवर बसून साक्षीदारांना प्रश्न विचारीत राहिले. १९२२ पासून परीक्षा हिंदुस्थानातही होऊ लागली. दार उघडावे म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी दोन पिढ्या घालवल्या, आणि ते उघडले हे फार चांगले झाले. आज सर्वसाधारण उमेदवाराला बत्तिसाव्या वर्षापर्यंत सहा संधी मिळतात. इतर मागासवर्गीयांना पस्तिसाव्यापर्यंत नऊ. अनुसूचित जाती-जमातींना सदतिसाव्यापर्यंत संधींची मोजदादच नाही. जिथे घरात पहिल्यांदाच कोणी पदवीधर झाले आहे, तिथे ही सवलत न्यायाचीच आहे. परंतु या न्यायाला एक बाजू आहे, तिच्याविषयी आपण बोलत नाही. एकोणिसाव्या वर्षी बंद होणारे दार निष्ठुर होते, पण ते बंद झाल्याचा आवाज येत असे. हे दार दहा वर्षे किलकिले राहते. बाहेर उभ्या असलेल्याला आतला उजेड दिसत राहतो, आणि निघून जावे तर आपणच पाठ फिरवली असे होते.

आकडे पाहिले म्हणजे छाती दडपते. २०२४ च्या परीक्षेला ९,९२,५९९ जणांनी अर्ज केले. त्यांपैकी ५,८३,२१३ प्रत्यक्ष पूर्वपरीक्षेला बसले, २,८४५ मुलाखतीला गेले आणि शिफारस झाली १,००९ जणांची. बसलेल्यांत पावणेसहाशेंना एक! निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रांत पेढा भरवणाऱ्या आईचे छायाचित्र येते, ते यावेच. पण मुलाखतीच्या खोलीपर्यंत जाऊन परतलेल्यांचे त्या एका वर्षी अठराशेंवर उंबरठे होते आणि त्यांपैकी एकाचेही छायाचित्र मी पाहिलेले नाही. चिकाटीचे गुणगान आपण नेहमी पैलतीराला लागलेल्याच्या तोंडून ऐकतो. "मी पाचव्या खेपेलाही हरलो नाही" असे तो म्हणतो तेव्हा सभागृह टाळ्या वाजवते. हेच वाक्य न लागलेल्याने म्हटले तर शेजारी त्याच्या आईला हळूच म्हणतात, "आता लग्नाचं बघा त्याच्या."

म्हणजे चिकाटी की हट्ट हे निकालच ठरवतो काय? तसे असेल तर नीती आणि लॉटरी यांत फरक उरत नाही. मला वाटते, दुसरी एखादी कसोटी असली पाहिजे, निकाल लागण्यापूर्वीच लावता येईल अशी. ती काय असावी याचा मी बरेच दिवस विचार करीत होतो.

प्रथम मला वाटले, कसोटी हेतूची असावी. त्याला खुर्ची हवी की काम हवे? चिंतामणराव देशमुखांचे उदाहरण मनात होते. रायगडाच्या परिसरातल्या नाते गावचा हा मुलगा १९१८ साली आय.सी.एस.ला पहिला आला, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला, देशाचा अर्थमंत्री झाला. पण मराठी माणसाच्या मनात ते राहिले ते १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडून बाहेर पडले म्हणून. सुभाषबाबू चौथे आले आणि १९२१ मध्ये राजीनामा देऊन मोकळे झाले. ज्याला सोडता येते त्यालाच मिळवण्याचा खरा अधिकार, असे एक वाक्य मी मनात जुळवले आणि दसऱ्यानंतर त्या मुलाला बोलावून घेतले.

तो आला. केस कपाळावरून मागे हटलेले, चेहरा तोच दहावीचा. मी विचारले, "तुला नेमके काय हवे आहे?"

तो जरा थांबून म्हणाला, "गुरुजी, ९ ऑगस्ट २०११ ला मी द्रुतगती मार्गावर होतो. बाऊरजवळ. अकरावी-बारावीतलं पोरगं, चुलत्यांबरोबर गेलेलं." पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायच्या योजनेविरुद्ध त्या दिवशी मावळातले शेतकरी रस्त्यावर उतरले होते. पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले, त्यांत एक बाई होती. नळाचे ते काम पुढे बरीच वर्षे अडून राहिले. "रस्त्याच्या अलीकडं आपली माणसं खूप होती," तो म्हणाला, "पलीकडं, हुकूम द्यायच्या जागेवर, आपलं कोणी नव्हतं."

माझे जुळवलेले वाक्य तसेच राहिले. पलीकडे गेलेला माणूस आपला राहतोच असे नाही, हे मला म्हणता आले असते. त्याच्या वयाच्या दुप्पट वर्षे मी ते पाहिले आहे. पण सतरा वर्षांच्या मुलाने ज्या दिवशी जे पाहिले, त्यापुढे ते बोलणे मला स्वस्त वाटले. हेतूच्या कसोटीवर तो माझ्याहून खरा होता. त्याने पिशवीतून एक उत्तर काढून मला वाचायला दिले. या परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे, अडीचशे गुणांची. प्रश्न असा होता की धरणाच्या कालव्यासाठी जमीन घ्यायची आहे, गावाचा विरोध आहे, तुम्ही जिल्हाधिकारी आहात, तर काय कराल? उत्तर उत्तम होते. त्यात संबंधित सर्व पक्षांशी चर्चा करण्याला त्याने पहिले स्थान दिले होते.

कागद हातात असतानाच मला त्याची बहीण आठवली.

ती त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. तीही माझ्याच वर्गातली, गणितात त्याच्याहून सरस. बारावीनंतर ती तळेगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागली. सदाशिव पेठेतल्या खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे तिच्या पगारातून जातात हे तिच्या वडिलांनी मला बोलता बोलता, जमिनीच्या तुकड्यानंतर, सांगितले होते. तिला कलेक्टर होशील असे मी कधी म्हटले नव्हते. हे मात्र मला पक्के आठवते.

तेव्हा मला वाटले की कसोटी इथे कोठेतरी आहे. माणसाने स्वतःच्या जिवावर दहा वर्षे वाळू रगडावी. तो त्याचा आणि वाळूचा प्रश्न. पण घाणा ओढायला दुसरे कोणी जुंपले असेल, तर त्याला विचारले होते काय? प्रश्न त्याग करण्याचा नाही. आपली घरे त्यागावरच उभी आहेत आणि ते वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पण मागितलेला त्याग आणि गृहीत धरलेला त्याग या दोन निराळ्या गोष्टी आहेत, जरी दोन्हींत पैसे तेवढेच जात असले तरी.

मी त्याला एवढेच विचारले, "या तुझ्या सर्व पक्षांत घरातली माणसे येतात काय?" तो माझ्याकडे पाहत राहिला. उत्तर दिले नाही.

कापणीच्या दिवसांत मी त्यांच्या गावी गेलो. वडील खाचरात पेंढ्या बांधत होते. मुलगा विळा घेऊन वाकला होता आणि हात सुटल्यामुळे मागे पडत होता. बहिणीची पाळी दुपारची, म्हणून ती घरी होती. ओटीवर चहा घेताना मी तिला विचारले, "तुला काय वाटते? त्याने शेवटचे बसावे का?"

"मला आजवर कोणी विचारलंच नाही, गुरुजी," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, नवल होते. "विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. दर वेळी म्हटलं असतं." मग जरा थांबून, "पण दोन वर्षांपूर्वी मला बाहेरून पदवीचा फॉर्म भरायचा होता. तेव्हा मीही कोणाला विचारलं नाही. त्याच महिन्यात त्याची फी होती."

तो दारात कधी येऊन उभा राहिला होता ते आम्हाला कळले नाही. विळा अजून हातातच होता. त्याने तो कुडाला अडकवला, पाय धुतले आणि ओटीवर तिच्यासमोर बसला. मी चहाचा कप खाली ठेवून खाचराकडे निघालो. वडिलांनी दुरूनच हाताने विचारले, सांगितलेत का? मी नाही म्हणून मान हलवली आणि त्यांच्या शेजारी पेंढी धरायला वाकलो.