पानी भरला

कर्जतच्या फलाटावर खोपोली लोकलची वाट बघत दोघं बसली होती. त्याने पिशवीतून एका विद्यार्थिनीची वही काढली. तो खालापूरकडच्या शाळेत मराठी शिकवतो. शेजारी बसलेल्या बाईंनी त्याला सातवीत शिकवलं होतं.

"बाई, हे बघा. ‘पाऊस परला, शेतान पानी भरला, काम बंद झाला.’ किती गुण देऊ?"

"समजलं ना तुला?"

"समजलं. पण नपुंसकलिंग गेलं कुठे?"

"आगरी बोलीत ते पुल्लिंगात मिसळलंय. पोरीने ‘म्हैस आला’ लिहिलंय का कुठे? नाही ना. म्हणजे नियम आहे, फक्त आपल्या पुस्तकातला नाही. हिंदीचंही दोन लिंगांवर भागतंच की. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं, ज्ञानेश्वरी १२९० ची. मधे साडेपाचशे वर्षं लोक काय अडखळत बोलत होते?"

"मग खोडूच नको?"

"खोड ना. इथे फार्महाऊससाठी जमिनी चालल्यात. ‘गणूने शेठला जमीन विकली’ आणि ‘गणूला शेठने जमीन विकली’. नुसत्या ‘ने’ आणि ‘ला’ने जागा बदलली की सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. तिथे चुकली तर रात्रभर गिरवून घे. ‘पानी भरला’ म्हटल्याने शेतातलं पाणी ओसरलं का?"

"हे सोयीचं उदाहरण झालं, बाई. उद्या ती असाच अर्ज घेऊन तहसीलला गेली, तर अर्थ कळेल सगळ्यांना. तरी तिलाच बाकावर बसवून ठेवतील. आणि माझं ‘पानी’ तुम्हीच खोडलं होतंत."

बाई थोडा वेळ रुळांकडे बघत राहिल्या. "दुखलं होतं?"

"तेव्हा नाही. पुढे घरी बाबांशी बोलणं कमी झालं."

"साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही पात्राच्या तोंडी ‘असं केलं’ चालतं, एरवी ‘असे केले’. ही पोर पात्र की लेखिका?"

"विषय ‘माझा पावसाळ्यातला दिवस’. दोन्ही."

"मग खोडू नकोस. शेजारी दुसरं रूप लिही."

"आणि गुण?"

"ते तुझं तू बघ. मी निवृत्त आहे."

पळसदरीच्या बाजूने दिवा दिसला. बाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"चल, गारी आयली."

त्याने चमकून वर पाहिलं. सातवीच्या अख्ख्या वर्षात बाईंच्या तोंडून त्याने हे कधी ऐकलं नव्हतं.