याचे वकीलपत्र कोण घेणार?

गावात एखाद्यावर खुनाचा आरोप आला, की घरचे वकील शोधू लागतात. तो गावचाच असलेला बरा. बांधाचे जुने तंटे, साक्षीदारांची सोयरीक त्यालाच ठाऊक. पण गाव खवळले म्हणजे कधीकधी वकीलसंघही ठराव करतो, याचे वकीलपत्र कोणी घेऊ नये! वास्तविक पसंतीच्या वकिलाचा हक्क घटनेच्या २२व्या कलमातच आहे. असे ठराव सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली रद्दबातल ठरविले. तरीही उभ्या राहणाऱ्या वकिलाला संध्याकाळी त्याच बाजारातून भाजी न्यायची असते. त्याच्या मुलाला वर्गात चिडवताना मी ऐकले आहे. खून झाला हे खरे. यानेच केला, हे सरकारने शाबीत करायचे असते. पोरांना हा भेद चटकन कळतो. एका पालकाने मात्र विचारले, “मास्तर, खून तुमच्या घरी झाला असता तर?” तरी मला खरा खुनीच हवा असता.