गारठ्यातला चढ

डिसेंबरातली पहाट, साडेपाचचा सुमार. हे पहाटेच्या पळण्याचं मनन; त्यासाठी जागा ओळखीची असलेली बरी, म्हणून पुण्यातली वेताळ टेकडी घेऊ. लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूने एआरएआय संस्थेचा चढ धरून वर जाणारी वाट. तुमच्या गावाची टेकडी, बंधारा किंवा शिवारातली पायवाट असेल तर ती घ्या. घाई करू नका, वाचतानाही.

अजून पांघरुणातच आहात. उठायचा कंटाळा येतोय, येऊ द्या. त्याच्याशी वाद घालायला बसलं की जिंकतो तोच. मोजे आधी चढवा, विचार नंतर.

आता दारात उभे राहा. काही करायचं नाही. थंडी अंगाला कुठे लागते तेवढं पाहा. आधी नाकाचा शेंडा, मग कानाच्या पाळ्या, मग बोटं. शरीर कातडीकडचं रक्त आत ओढून घेतंय. काळीज आणि फुफ्फुसं उबदार राहावीत म्हणून त्याने बोटांना गार पडू दिलंय. हा निर्णय तुम्हाला न विचारता झाला. हात चोळू नका, क्षणभर बोटांना गारच राहू द्या. थोडी हुडहुडी भरली तर उत्तम. दारातच ऊब वाटत असेल तर अंगावर एक कपडा जास्त आहे, तो काढून ठेवा. (दिल्लीकर आपल्या दहा-बारा अंशांना हसतील. हसोत बापडे.)

हळू पळायला लागा, इतकं हळू की शेजारी कुणी असतं तर गप्पा मारता आल्या असत्या. पहिली काही मिनिटं सुखाची नसतात, हे आधीच कबूल केलेलं बरं. सांधे कुरकुरतात, डोळ्यांत पाणी येतं. श्वास नाकानेच घ्या. बाहेरची कोरडी, गार हवा नाकातून जाताना कोमट आणि ओलसर होते. तीच ओल सोडलेल्या श्वासाबरोबर बाहेर पडते आणि गारठा पुरेसा असला की दिव्याच्या उजेडात तिची वाफ दिसते. एरवी श्वास दिसत नाही. आज दिसतोय तर त्याच्याकडे बघा.

कानात गाणी नकोत. बुटांचा आवाज पुरे. दूधवाल्याची सायकल, कुठे तरी खोकणारा वॉचमन, मग पुन्हा बूट.

दिवे मागे पडले की एकदा मान वर करा. मृग पश्चिमेला कलंडलाय, व्याध त्याच्या मागोमाग. मघा जवळजवळ डोक्यावर. पूर्वेला स्वाती. या दिवसांत पुण्यात सूर्योदय सातच्या आसपास, त्यामुळे हे सगळं तुम्हाला आयतं मिळतं. उन्हाळ्यात लवकर उजाडतं, आणि पळणाऱ्याला ऊन चुकवायची घाई असते.

चढ सुरू झाला. इथे फार सावकाश व्हा, कारण एक गोष्ट हमखास निसटते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते. तिला टेकलेली हवा गार होते, जड होते आणि उतारावरून सरकत खोलगट भागात जाऊन बसते. म्हणून खाली गारठा जास्त आणि टेकडीच्या अंगावर कमी. चढता चढता एखाद्या वळणावर गालाला लागणारी हवा एकदम मऊ होते. ते वळण शोधा. सापडलं तर दोन पावलं मागे उतरा, पुन्हा वर या. खालच्या गार हवेचा थर संपतो कुठे, हे गालाला कळतं.

एव्हाना आणखी काही घडलंय. बोटं सैल झाली. पाठीवर, खांद्यांच्या मधे, ओलसर ऊब आली. स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम पाव भाग पावलं पुढे टाकण्यात जातो. बाकीची उष्णता होते. मे महिन्यात हीच उष्णता जीव नकोसा करते, तिला बाहेर टाकता टाकता शरीर मेटाकुटीला येतं. आज ती तुमचं पांघरूण आहे, शिवाय स्वतः कमावलेलं. शेकोटीपाशी बसलं तर पुढून भाजतं आणि पाठ गारच राहते. ही ऊब आतून येते, सगळीकडे सारखी.

इथे थोडं थांबून विचार करा, पाय चालू ठेवून. थंडी कुठे गेली? कुठेच नाही. पहाटेचा पारा सूर्योदयाच्या सुमाराला सर्वांत खाली असतो. खाली तुमच्या दारात, तुम्ही निघालात तेव्हापेक्षा आता गारठा जास्तच असेल. तिला घालवायचा प्रयत्न तुम्ही केला नाही, तरी ती आता अंगावर येत नाही. मला पळण्यातलं सगळ्यांत मोठं सुख हेच वाटतं. वेग आणि पदकं त्याच्या नंतर.

माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर. वेताळाच्या देवळापाशी मोर ओरडतात. हिवाळी पाहुणा थिरथिरा दगडावर बसून शेपूट थरथरवत असतो. खाली शहरावर राखाडी पट्टा दिसेल. ते सगळं धुकं नसतं. गार हवेच्या थरात शेकोट्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा, गाड्यांचा धूर अडकून पडतो आणि ऊन तापल्यावरच सुटतो. ज्या दिवशी दारातच धुराचा वास येईल, त्या दिवशी ऊन वर येईपर्यंत थांबा. दम्याचा त्रास असेल तर नक्कीच.

उतरताना पाय आखडते घ्या. दव पडलेलं गवत आणि मुरूम घसरवतात.

घरी आल्यावर चहा थोडा नंतर. पळणं थांबलं की ऊब तयार होणं खूप कमी होतं, घाम मात्र सुकत राहतो आणि अंग झपाट्याने गार पडतं. हिवाळ्यातलं काकडणं बहुतेक जण पळण्याच्या नावावर मांडतात, आणि ओल्या कपड्यांत गप्पा मारत उभं राहिल्याचं सांगायला विसरतात. आधी ओला बनियन बदला.